नाणेघाटातले पाय

ऑफिसच्या ग्रुपबरोबर नाणेघाटाला गेलो, तेव्हा मला फक्त उलटा धबधबा बघायचा होता. पावसाचा जोर वाढला म्हणून आम्ही घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात शिरलो. मागच्या भिंतीवर मोबाइलचा टॉर्च मारला, तर दगडात कोरलेली पावलं दिसली. वरची माणसं गायब.

हे सातवाहनांचं राजघराणं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथे आठ जणांच्या मूर्ती कोरल्या होत्या. सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका, राजकुमार. वर ब्राह्मी लिपीत त्यांची नावं. बाजूच्या भिंतींवर मोठा लेख आहे. त्यात केलेल्या यज्ञांची यादी आहे, अश्वमेधसुद्धा, आणि दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं यांचे आकडे. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारे व्यापारी याच वाटेने चढायचे. मिरवायला जागा उत्तम निवडली होती.

शेलीची १८१८ सालची 'ओझिमँडियस' ही कविता तुम्ही वाचली असेल. तिथेही वाळवंटात एका राजाच्या पुतळ्याचे पाय उरलेत. ओझिमँडियस म्हणजे इजिप्तचा दुसरा रामसेस. सत्ता जाते, कला उरते, असा धडा आपण त्यातून घेतो. पण नाणेघाटातल्या मूर्ती हीसुद्धा कलाच होती की! ती का नाही उरली?

याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या ७०० छोट्या कवितांचा संग्रह. एक कोटी गाथांमधून या निवडल्या, असं ग्रंथातच म्हटलंय. राजा तो राजाच, आकडा फुगवणारच! पण आत अश्वमेध नाहीत. नांगर धरणारा शेतकरी आहे, प्रवासाला गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी बायको आहे, सासू आहे, गोदावरीचा काठ आहे. टीकाकारांनी दिलेल्या कवींच्या नावांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा बायकाही आहेत.

आमच्या कामात एक साधा नियम आहे: ज्याची एकच प्रत आहे, ते गेलंच समजा. दगड कितीही टणक असला तरी त्याची प्रत एकच. गाथा लिहिल्या त्या हस्तलिखितांची पानं कुजणारीच होती, म्हणून कुणीतरी त्या पुन्हा पुन्हा उतरवून काढल्या. उतरवताना भर पडली, गळती झाली. सगळ्या परंपरांत समान अशा गाथा साधारण ४३०च निघतात. १८८१ मध्ये जर्मनीत वेबर यांनी त्यांची संपूर्ण आवृत्ती छापली, १९५६ मध्ये स. आ. जोगळेकरांनी त्या मराठीत आणल्या. यातल्या कुणावरही सातवाहनांचा हुकूम चालत नव्हता. आवडल्या म्हणून ठेवल्या, एवढंच.

म्हणजे कला आपोआप उरत नाही. कुणाला तरी ती स्वतःची वाटावी लागते. हालाने दुसऱ्यांचे शब्द जपले, म्हणून त्याचं नाव आजही घेतलं जातं.

माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. तिचं एकही रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही. घाटातून परतल्यावर मी आईला फोन केला आणि तिला आठवतात तेवढ्या ओव्या सांग म्हटलं. दोन लिहून झाल्या. तिसरीत ती मध्येच अडली. "मावशीला विचारते," म्हणाली.

मावशी आता ८१ वर्षांची आहे. येत्या शनिवारी तिच्याकडे जातोय.