हुंडी : आपल्या पेढ्यांचं जुनं कार्ड

कार्ड बरं की रोकड, हा वाद आपल्या भिशीत नेहमी रंगतो. पण हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी फार आधी हाताळलाय.

आग्र्याचे श्रावक कवी बनारसीदास यांनी 1641 मध्ये ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिलं. तरुणपणी ते व्यापारासाठी आग्र्याला आले, तेव्हा कपड्यात गाठ मारून ठेवलेली रत्नं हरवली, हे त्यांनी न लपवता सांगितलंय. मोलाची वस्तू अंगावर वागवायची म्हणजे हा घोर आलाच!

त्यावर उपाय होता हुंडी. आग्र्यात सराफाकडे पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची आणि सुरतेत त्याच्या आडत्याकडून पैसे उचलायचे. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे मिळत, मुदतीच्या हुंडीला ठरलेले दिवस थांबावं लागे. त्यासाठी हुंडणावळ द्यावी लागे. टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकातले भाव लिहून ठेवलेत: सुरतेवरच्या हुंडीला आग्र्याहून चार ते पाच टक्के, अहमदाबादेहून एक ते दीड. अंतर आणि जोखीम वाढली की दर वाढे.

मला खरं कौतुक वाटतं ते सुरक्षेच्या सोयीचं. शाहजोग हुंडीचे पैसे फक्त बाजारात पत असलेल्या शाहालाच मिळत. (आपल्यात शहा आडनावाची किती घरं आहेत पाहा!) वाटेत चोराने ती लांबवली तरी तो पेढीवर उभा राहू शकत नसे. हुंडी बनावट निघाली तर पैसे घेणाऱ्या शाहाने ते परत करायचे. मूळ हुंडी हरवली तर ‘पेठ’ मिळे, तीही हरवली तर ‘परपेठ’. पैसे चुकते झाले की त्या कागदाला ‘खोखा’ म्हणत. बी.कॉम.ला आम्ही 1881 चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट घोकला. इंग्रजांच्या त्या कायद्यानेही देशी भाषांतल्या हुंड्यांची स्थानिक रूढी तशीच राहू दिली.

1742 मध्ये मराठी फौजेने मुर्शिदाबादेवर धाड घातली आणि जगतसेठांची कोठी लुटली. (हो, लुटणारे आपले मराठेच होते, आणि लुटले गेलेले सेठ ओसवाल जैन!) अफाट रोकड गेली, पण पेढी बुडाली नाही. नाणी घोड्यावर लादून नेता येतात, पत नेता येत नाही. कोठीच्या हुंड्या त्यानंतरही चालत राहिल्या.

आता कार्डाचं. 2021 पासून पाच हजारांपर्यंतचा व्यवहार पिन न टाकता, नुसतं कार्ड टेकवून होतो. वेग दर्शनी हुंडीपेक्षाही जास्त, पण इथे समोरचा शाह आहे की चोर, हे विचारणारं कुणी नसतं. म्हणून ही मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमध्ये कमी करता येते किंवा ती सोय बंदही करता येते. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे तिऱ्हाईताने परस्पर पैसे काढले आणि त्यात बँकेची किंवा आपली चूक नसली, तर बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तक्रार केल्यास भुर्दंड आपल्यावर पडत नाही. ओटीपी आपणच कुणाला सांगितला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.