बंदा घाटावरील वैरागी

उमरीच्या माणसाला नांदेड परके नाही. कचेरी, दवाखाना, बाजार, काही ना काही निमित्ताने मुदखेडमार्गे गाडीने तिथे जावेच लागते. हाती वेळ उरला तर सचखंड गुरुद्वाऱ्यातही आपण जाऊन येतो. परंतु गोदावरीकाठच्या बंदा घाट गुरुद्वाऱ्याकडे आपली पावले क्वचितच वळतात. तेथे ज्याचा मठ होता असे मानतात, त्या पुरुषाची कथा आम्ही येथे सांगू इच्छितो. सेमिनरीत असताना टेम्प्लर या व्रतस्थ योद्ध्यांच्या संघाचा इतिहास आम्ही मोठ्या आवडीने वाचला होता. त्यांच्याच जातकुळीचा एक सेनानी आपल्याच जिल्ह्यातून निघाला होता, हे उमगायला मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली.

त्याचे मूळ नाव लछमनदेव. जन्म 1670 चा, जम्मूकडील राजौरीचा. तरुणपणी शिकारीत त्याने एक हरिणी मारली. तिच्या पोटातील पाडसे डोळ्यांदेखत तडफडून मेली, आणि त्याने धनुष्य टाकून वैराग्य पत्करले, असे परंपरा सांगते. माधोदास या नावाने तो फिरत फिरत नाशिकच्या पंचवटीत आला, तेथे योगविद्या व तंत्रमंत्र शिकला आणि पुढे नांदेडास गोदातीरी मठ करून राहिला.

1708 साली बादशहा बहादूरशहा आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून दक्षिणेत उतरला. त्याच्या छावणीबरोबर आलेले गुरू गोविंदसिंग नांदेडास थांबले. 1699 मध्ये आनंदपूरला खालसा पंथाची स्थापना करून भक्ती आणि शस्त्र एकाच व्रतात बांधणारे ते हेच. एके दिवशी ते माधोदासाच्या मठात गेले व त्याच्या गैरहजेरीत त्याच्या आसनावर बसले. परतलेल्या बैराग्याने आपल्या साऱ्या सिद्धी वापरून पाहिल्या, काही चालेना. अखेर तो गुरूंच्या पायांशी बसला आणि मी आपला बंदा, म्हणजे दास, म्हणाला. तेच त्याचे नाव झाले. संत पौलही आपल्या पत्रांत स्वतःस ख्रिस्ताचा दास म्हणवितो, हे वाचकांना आठवेलच.

गुरूंनी त्याला पाच बाण, निशाण, नगारा आणि सल्ल्यासाठी पाच शीख देऊन पंजाबकडे धाडले. त्यानंतर थोड्याच काळात, ऑक्टोबर 1708 मध्ये, मारेकऱ्याने केलेल्या जखमेने गुरूंचे नांदेडातच देहावसान झाले.

पुढचा वेग थक्क करणारा आहे. नोव्हेंबर 1709 मध्ये समाना पडले. 12 मे 1710 रोजी छप्पडचिडीच्या लढाईत सरहिंदचा फौजदार वजीरखान ठार झाला. गुरूंच्या दोन कोवळ्या मुलांना ठार मारविणारा तो हाच. दोन दिवसांनी सरहिंद शहर हाती आले. बंदाने लोहगड ही राजधानी केली; नाणी पाडली ती गुरूंच्या नावे, स्वतःच्या नव्हे. जमीनदारांचा अंमल मोडून कसणाऱ्याला जमिनीचा धनी केल्याचे श्रेय त्याला दिले जाते. ज्यांच्या अंगावर कधी शस्त्र चढले नव्हते असे शेतकरी व खालच्या मानलेल्या जातींचे लोक त्याच्या सैन्यात आले. 1711 च्या मोगल अखबारांत पाच हजार मुसलमान त्याला मिळाल्याची नोंद आहे. दोन धर्मांचे युद्ध म्हणून ही कथा सांगणाऱ्यांनी ती नोंद अवश्य वाचावी.

तरीही सरहिंदपाशी आमची लेखणी अडखळते. शहर लुटले गेले, निरपराध माणसे मारली गेली. खाफीखानासारखे मोगल इतिहासकार वाढवून सांगत असतील. पण सारेच खोटे म्हणून बाजूला सारता येत नाही. पाडसांसाठी धनुष्य टाकणाऱ्या माणसाने हे कसे सोसले? प्रश्न कठीण आहे, आणि तो विचारण्याचा अधिकार आम्हांला फार थोडा आहे. 1099 साली क्रूस धारण करणाऱ्यांनी जेरुसलेमात जे केले ते आपल्याच इतिहासात लिहिलेले आहे. त्यानंतर वीस वर्षांनी यात्रेकरूंच्या रक्षणार्थ टेम्प्लर संघ उभा राहिला आणि क्लेअरव्होच्या संत बर्नार्डांनी त्याची स्तुती लिहिली. व्रत आणि तलवार एका हाती आली की काय होते, याचा अनुभव आपल्या धर्मसभेला बंदाच्या सहाशे वर्षे आधीपासून आहे.

1715 मध्ये गुरुदासपूरजवळच्या गुरदास नंगल येथे त्याला वेढा पडला. आठ महिने उपासमार सोसून डिसेंबरात तो पकडला गेला. दिल्लीत सातशेहून अधिक कैदी आणले गेले आणि मार्च 1716 मध्ये रोज शंभरांचा शिरच्छेद सुरू झाला. धर्म सोडील त्याला जीवदान होते. ईस्ट इंडिया कंपनीचे वकील सर्मन व स्टीफन्सन तेव्हा दिल्लीत होते. एकानेही धर्म सोडल्याचे दिसत नाही, असे त्यांनी कलकत्त्यास कळविले. एका तरुणाच्या आईने मुलगा शीख नाहीच, असे सांगून माफी मिळविली. आई खोटे बोलते म्हणून तो परत वधस्थानी गेला. हे लिहिणारा खाफीखान शिखांचा मित्र नव्हता, म्हणून आम्हांला ते अधिक मोलाचे वाटते. टेम्प्लरांचा शेवटचा प्रमुख जाक द मोले याने छळाखाली कबुलीजबाब दिला होता. पुढे तो मागे घेतला, म्हणूनच 1314 साली पॅरिसला त्याला जाळले.

बंदाला आणखी तीन महिने राखून ठेवले. 9 जून 1716 रोजी कुतुबमिनारनजीक त्याला आणले. चार वर्षांच्या अजयसिंगाला आधी त्याच्यासमोर ठार केले, आणि मग हाल हाल करून त्याला.