एका क्रियापदाचा वाद

गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतरच्या आमच्या छोट्या अभ्यासवर्गात एका मुलाने विचारले, "विज्ञानाशी जुळत नाही म्हणून आयतीतल्या शब्दाचा अर्थ बदलता येतो का?" वडीलधाऱ्यांनी त्याला दटावले. मीही गप्प बसलो. वास्तविक हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे आणि तो सर सय्यद अहमद खान यांना त्यांच्याच जिवलग सहकाऱ्याने विचारला होता.

सर सय्यद यांची उर्दू तफ्सीर १८८० पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली. निसर्ग ही अल्लाहची कृती आणि कुरआन हे अल्लाहचे वचन. दोहोंत विरोध असूच शकत नाही, हा तिचा पाया. सूरह अश-शुअराच्या ६३व्या आयतीचा रूढ अर्थ असा, की हजरत मूसांना समुद्रावर काठी मारण्याचा आदेश झाला. तिथले क्रियापद 'जरब' धातूचे. आपल्या मराठीतली 'जरब' याच मुळाची. सर सय्यद म्हणाले, या धातूचा अर्थ 'चालणे' असाही होतो; मूसा ओहोटीच्या वेळी काठीच्या आधाराने पार झाले.

हा अर्थ अरबीत आहे, हे खरेच. पण प्रवासाच्या अर्थी या क्रियापदासोबत 'फी' हे अव्यय येते, जसे सूरह अन-निसाच्या १०१व्या आयतीत. समुद्राच्या आयतीत ते नाही. शब्द सुटा घेतला तर एक अर्थ निघतो, वाक्यात वाचला तर दुसरा.

पद्धतीचा हाच पेच नवाब मोहसिन-उल-मुल्क यांनी पत्रांतून मांडला : शब्द आणि संदर्भ ज्याला साथ देत नाहीत, तो अर्थ कुरआनचा कसा म्हणायचा? सर सय्यद यांनी राग धरला नाही. त्यांनी आपली तत्त्वे क्रमवार लिहून काढली; ती १८९२ मध्ये 'तहरीर फी उसूल-अत-तफ्सीर' या नावाने छापली गेली.

मला मोहसिन-उल-मुल्क यांचे म्हणणे पटते. विज्ञानाचे निष्कर्ष बदलत राहतात; त्यांच्यामागे शब्दांना किती फरफटत न्यायचे? तरी आपले नियम उघड मांडून ते तपासायला देण्याचा सर सय्यद यांचा प्रामाणिकपणा मोठाच.

१८९८ मध्ये सर सय्यद गेले. पुढच्याच वर्षी अलीगढच्या त्यांच्या कॉलेजची धुरा सचिव म्हणून मोहसिन-उल-मुल्क यांनीच उचलली. मतभेद राहिले, काम थांबले नाही.

त्या मुलाला हे मी त्याच रात्री सांगायला हवे होते. पुढच्या बैठकीला तो आलाच नाही.