गणिताचा गृहपाठ : आपल्या वस्तीतला एक मागोवा

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा संपादक मंडळाने आमच्यावर काम टाकले की विहारातल्या अभ्यासवर्गाचा इतिहास तुम्हीच लिहा. आम्ही काही इतिहासकार नव्हे. शिक्षण दहावीपर्यंत, तेही रात्रशाळेत. बाकी जे वाचले ते पाळीवरून सुटल्यावर. पण या वर्गात आम्ही लहानपणी बसलो, आणि पुढे वर्ग घेणाऱ्यांतही बसलो, म्हणून लिहितो. लिहायला घेतल्यावर लक्षात आले की हा इतिहास वर्गापासून सुरू होत नाही. पाचवी ते आठवीतल्या पोराच्या वयापासून तो सुरू होतो. बारा वर्षांचं आपलं पोर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुठे होतं?

गिरणीत होतं. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या पोराला कामावर घ्यायला बंदी केली. म्हणजे सात पूर्ण झालेल्याला मुभा होती, आणि बारा वर्षांपर्यंतच्या पोराकडून दिवसाला नऊ तास काम घेता येत होतं. १८९१ ला हे वय नऊ झालं आणि तास सात झाले. १९२२ ला वय बारा आणि तास सहा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात घ्यायचंच नाही, हे १९४८ च्या कायद्याने ठरलं. आज जे पोर सातवीत लसावि-मसावि काढतं, त्या वयाचं पोर कायद्याच्या परवानगीने बाबिणी बदलत होतं. गृहपाठ हा शब्दच त्या घरात येण्याचं कारण नव्हतं.

आणि हिशेब तर त्या घराला सगळ्यात जास्त लागत होता. रुपयाला महिना एक आणा व्याज, असं सावकार तोंडी सांगायचा. ऐकायला एक आणाच वाटतो. पण रुपयाचे आणे सोळा. महिन्याला एक आणा म्हणजे वर्षाला बारा आणे, म्हणजे शेकडा ७५ टक्के. आमच्या आजोबांना एक आणा कळत होता, ७५ टक्के कळत नव्हते. त्यांनी अंगठा दिला.

महात्मा फुल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. १८५५ साली त्यांनी कामकरी-शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १८८२ ला हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी आहे : मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, आणि त्याला जोडून हिशेब. इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं ज्ञान, नीती, आरोग्य हेही आहेच. पण हिशेब अगदी पुढच्या रांगेत आहे. अडाण्याला फसवायची पहिली जागा हिशेबाची वही असते, हे त्यांना ठाऊक होतं.

बाबासाहेबांची गोष्ट आपल्या घराघरात सांगितली जाते, पण ती गणिताच्या बाजूने क्वचित सांगितली जाते. परळच्या डबक चाळीत एकच खोली. रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागायचे, मग भिवाला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि त्याच्या जागेवर आपण झोपायचे. उशाशी जातं, पायाशी शेळी. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये एकदा मास्तरांनी भिवाला फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावलं. फळ्याच्या मागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असायचे. भिवा फळ्याला हात लावायच्या आधी ती मुलं धावली आणि डबे बाजूला फेकले. मग भिवा फळ्याशी गेला. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण. हा आकडा आम्ही पोरांना मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे बाबासाहेब म्हणजे जन्मापासून पहिला नंबर असं समजतात आणि चाळीस टक्के पडलेलं पोर मान खाली घालतं.

पुढे १९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी हिशेबच मांडला : शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात अठरा, बाकीचे ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. म्हणजे तेव्हा पाचवीच्या गणिताची भीती बाळगण्याइतकी मजल मारणारेसुद्धा थोडेच. आपल्या लोकांना साचेखात्यात जास्त पगाराचं काम मिळत नव्हतं, कारण धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे आणि त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. बापाचा पगार कमी असला की पोराची शाळा आधी सुटते. त्यामुळे सातवी-आठवीपर्यंत मोठ्या संख्येने पोचलेली आपल्या वस्तीतली पिढी आमची किंवा आमच्या थोडी आधीची.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती आमच्याच घरातली आहे.

आमच्या वडिलांना पाढे पाठ होते. साधे तीसपर्यंतचे तर होतेच, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हेसुद्धा. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, आजच्या पोरांना ऐकूनही माहीत नाही. हे पाढे उगाच नव्हते. सोळा आण्यांचा रुपया, चार आण्यांचा पाव रुपया, शेर, अच्छेर, पावशेर. सगळा बाजार पाव-अर्ध्या-पाऊणवर चालत होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली आणि सहा महिन्यांच्या आत, १ एप्रिल १९५७ ला, नवा पैसा आला. रुपयाचे शंभर पैसे झाले. मागोमाग किलो आणि मीटर आले. चांगलंच झालं, आमची तक्रार नाही. पण आपल्या माणसांनी कानांनी ऐकून, उभं राहून जे गणित मिळवलं होतं, ते शाळेतून एका पिढीत बाहेर गेलं आणि जागेवर दशांश अपूर्णांक आले.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या साली आम्ही सहावीत होतो. वडील दिवसभर घरात, आणि घरात बोलणं कमी. एका संध्याकाळी गृहपाठात १.२५ गुणिले ७ आलं. आम्ही दशांशचिन्ह कुठे द्यायचं यावर अडलो होतो. वडील भिंतीला टेकून बसलेले, त्यांनी विचारलं, "काय रे?" आम्ही आकडे सांगितले. त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "सात सवाया पावणेनऊ." आम्ही म्हणालो, "बाबा, तुमचं चुकलं. पावणेनऊ असं उत्तर नसतं. आम्हाला दशांशात पाहिजे." ते म्हणाले, "तुला येतंय तर कर मग." त्यानंतर त्यांनी आमच्या वहीकडे कधी पाहिलं नाही.

तेव्हा विहार म्हणजे पत्र्याची शेड. संपात पोरं रस्त्यावर उनाडायला लागली म्हणून दोन-तीन शिकलेल्या तरुणांनी तिथे संध्याकाळचा वर्ग सुरू केला. एक बँकेत कारकून होता, एक कॉलेजात जात होता. आमची वही बघून त्या कारकून दादांनी विचारलं, हे गणित अर्धवट का सोडलं? आम्ही घडलेलं सांगितलं. त्यांनी पाटीवर लिहिलं : पावणेनऊ म्हणजे आठ पूर्णांक तीन चतुर्थांश, म्हणजे ८.७५. म्हणाले, "तुझ्या बापाने तोंडी सांगितलं, तुला कागदावर जमलं नाही, आणि चुकला म्हणतोस त्यांनाच." हे वडिलांना जाऊन सांगायला पाहिजे होतं. आम्ही सांगितलं नाही. लाज वाटली, मग राहूनच गेलं.

या वर्गाचा सगळा इतिहास आमच्या मते या एका गुणाकारात आहे. आपल्या घरात गणित नव्हतं असं नाही. ते शाळेच्या भाषेत नव्हतं, आणि पोराला व बापाला दोघांनाही वाटलं की ते नव्हतंच.

गिरणीत लागल्यावर हे आम्हाला जास्त पटलं. सुताचा नंबर कसा ठरतो? एक पौंड वजनात ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतात, तो त्याचा नंबर. वीस नंबरचं सूत पौंडाला १६,८०० वार, चाळीस नंबरचं ३३,६०० वार. नंबर दुप्पट झाला की तेवढ्याच लांबीचं वजन निम्मं. आठवीच्या पुस्तकात यालाच व्यस्त चलन म्हणतात, आणि पोरं तिथे रडकुंडीला येतात. रिंगखात्यातला माणूस, सही करायला हात थरथरतो असा, हे बोटांनी सूत चाचपून सांगायचा. तसंच बोनसचं. ८.३३ टक्के हा विचित्र आकडा आला कुठून, असं वर्गात विचारा. शंभराला बाराने भागा : वर्षाच्या पगारात एका महिन्याचा वाटा तेवढाच पडतो. ज्या घरात दिवाळीला बोनसवरून भांडणं झाली, त्या घरातल्या पोराला शेकडेवारी यापेक्षा सोपी करून सांगता येणार नाही.

वर्गाच्या चुकाही लिहिल्या पाहिजेत, नाहीतर स्मरणिका म्हणजे नुसता हारतुरा होईल. मधली काही वर्षं वर्ग जोरात चालला असं आम्ही सांगत होतो. पोरं भरपूर, वह्या पूर्ण, शाळेतून शेरे चांगले. आणि चाचणीत धडाधड नापास. शोध घेतल्यावर कळलं की मोठी मुलं फळ्यावर उत्तरं लिहीत होती आणि लहान उतरवत होती. गृहपाठ पूर्ण करून देणं म्हणजे मदत, असं आम्हीच समजून बसलो होतो. तेव्हापासून नियम केला की आधी पाटीवर, मग वहीत; आणि ज्याने सोडवलं त्याने शेजारच्याला तोंडी समजावून सांगायचं. सांगता आलं नाही तर ते आलेलं नाही. यात वेळ जातो, रोज दहाच्या जागी चारच गणितं होतात. पालक कुरकुर करतात. करू देत.

दुसरी चूक मुलींची. वर्ग सहाला भरायचा आणि सहा ते साडेसात नळाला पाणी. सातवीतली मुलगी हंडा घेऊन रांगेत, तिचा भाऊ वर्गात. सावित्रीमाईंचा फोटो समोर लावून आम्ही हे कित्येक वर्षं चालू दिलं. एका मुलीच्या आईनेच येऊन सुनावलं, "दादा, तुमचा वर्ग पोरग्यांचा आहे, तसं बाहेर लिहून तरी टाका." वर्ग आठला नेला. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचं वाचन त्याच वेळेला असतं म्हणून वाद झाला. वाचन साडेसातला आणि ते संपलं की वर्ग, असं ठरलं. काही जण अजून नाराज आहेत.

अलीकडचं थोडक्यात. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. आठवीपर्यंत नापास करायचं नाही. हेतू चांगला होता, शाळा सुटणं थांबावं हाच. पण भागाकार न येणारं पोर नववीत जाऊन आपटायला लागलं आणि घरच्यांना ते तेव्हाच कळलं. २०१९ ला कायदा बदलून पाचवी-आठवीला अडवायची मुभा राज्यांना मिळाली. म्हणजे दोष पुन्हा पोराच्या माथी. त्याच २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा सगळीकडे टिंगल झाली. आम्ही केली नाही. त्र्याहत्तर ऐकून ३७ लिहिणारी पोरं आम्ही सहावीत पाहिली आहेत.

सेमी इंग्रजीने मात्र आमच्या वडिलांचाच प्रसंग घरोघरी पुन्हा आणला आहे. लसावि शिकलेली आई 'एलसीएम' बघून वही मिटते. आम्ही सेमीच्या विरोधात नाही, पोरांना पुढे जायचंय. विहाराच्या भिंतीवर दोन्ही शब्दांचा तक्ता लावलाय : कर्ण आणि हायपोटेन्युज, छेद आणि डिनॉमिनेटर, सरळव्याज आणि सिंपल इंटरेस्ट. तो पोरांपेक्षा आया जास्त वाचतात. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर गेली आणि तीन भावंडांत फोन एक. आमची गिरणीही तेव्हा थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. निदान वर्गाला आमच्याकडे वेळ झाला.

सध्या रोज आठ ते साडेनऊ, रविवार सोडून वर्ग असतो. पाचवी ते आठवी. आठवड्यातून एक दिवस प्रत्येक पोराबरोबर घरातलं एक मोठं माणूस येऊन बसावं, अशी विनंती आहे. गणित येत नसलं तरी चालेल, पोराला फक्त म्हणायचं, "मला सांग बरं, हे कसं केलंस?" आजी-आजोबा असतील तर त्यांना जरूर आणावं, सवायकी-दिडकी येणारी माणसं आता वस्तीत दोनच उरली आहेत, आणि ती लिहून घ्यायची आहे. पाट्या पुरेशा आहेत. कंपासपेट्या सहा आहेत, त्यातल्या दोनांत कर्कटक नाही. कुणाकडे जुनं पडलं असेल तर विहारात आणून द्यावं.