काटकसर कुणाची?

घरात पैशाची ओढाताण झाली की काटकसर सुरू होते. ती कुठून सुरू होते, हे मात्र पाहण्यासारखे असते. एखाद्या घरी आधी धन्याचे पान-तंबाखू बंद होते. दुसऱ्या घरी पोरांचे दूध तुटते. आणि पुष्कळ घरी घरची बाई कुणाला न सांगता आपल्याच ताटातली भाकर अर्धी करते. महिनाअखेरीस वाचलेले रुपये तिन्ही घरी सारखेच असतील. पण काटकसर सोसली कुणी, ते जमाखर्चाच्या वहीत लिहिलेले नसते.

नगरपालिका म्हणजे असेच एक मोठे घर. तिथेही दरवर्षी अंदाजपत्रक मांडले जाते, तिथेही पैसा अपुरा पडतो आणि कुठे ना कुठे कात्री लागते. ती कुठे लावायची हे ठरवणाऱ्या सभागृहात आपलाही माणूस असावा, असे कामगारांना केव्हा वाटू लागले, तो माणूस तिथे कसा पोचला आणि पोचल्यावर त्याला काय साधले, याची थोडी हकीकत आज सांगायची आहे.

निमित्त आहे नवी मुंबईचे. या शहराच्या महापालिकेसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. आधीची निवडणूक झाली होती २०१५ साली. तिची मुदत २०२० च्या मे महिन्यात संपली. मग आधी साथीचे आणि पुढे आरक्षणाच्या वादाचे कारण होऊन साडेपाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळातही नळाला पाणी येतच होते, रस्ते झाडले जातच होते. मग नगरसेवक नव्हते म्हणून अडलं कुठं, असं कोणी विचारील. प्रश्न वाजवी आहे. त्याचे उत्तर शोधायला खाडी ओलांडून मुंबईत, आणि त्याच्याही आधी पुण्याला जायला हवे.

पुणे नगरपालिकेत १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव फुले सभासद होते. व्हाइसरॉयच्या भेटीनिमित्त शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये मंजूर करावेत, असा प्रस्ताव तिथे आला. जोतीरावांनी त्याला विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावा, असे त्यांचे म्हणणे. मते घेतली तेव्हा विरोधात ते एकटेच निघाले. मोठ्या मंडईची योजना आली, तेव्हाही एवढा पैसा त्या इमारतीत घालण्याला त्यांची हरकत होती. मंडई व्हायची ती झालीच, आणि आज पुणेकर तिला म्हणतात महात्मा फुले मंडई! पण यातून एक गोष्ट ध्यानात येते. इथे खर्चाला नको म्हणणारा माणूस गरिबांचा कैवारी होता. तेव्हा काटकसर हा शब्द एकट्या श्रीमंतांच्या मालकीचा आहे, असे समजू नये.

मुंबईत नेमकी उलटी तऱ्हा. १८६५ नंतर आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनरने शहर सुधारण्याचा सपाटा लावला. बाजार बांधले, गटारे, रस्ते हाती घेतले आणि तिजोरी रिकामी केली. कर वाढले तेव्हा घरमालक खवळले. त्या गदारोळातून १८७२ चा कायदा आला. ६४ सभासदांची कॉर्पोरेशन झाली आणि त्यांतले निम्मे, म्हणजे ३२ सभासद, करदात्यांनी निवडायचे ठरले. मुंबईच्या लोकशाहीचा पाळणा असा करदात्यांच्या अंगणात हलला.

आता करदाता म्हणजे कोण? ज्याच्या नावाने पावती फाटते तो. गिरणगावातल्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणारा कामगार भाडे भरी. त्या भाड्यातून मालक कर भरी. पैसा कामगाराच्या खिशातला, पावती मालकाच्या नावाची आणि मतही मालकाचे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारली, १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली. पण ज्या चाळीत तो रविवार घालवायचा, तिथल्या नळाविषयी बोलायला कामगाराला जागा नव्हती.

ती जागा हळूहळू तयार झाली. नारायण मल्हार जोशी यांचे नाव इथे घ्यायला हवे. १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. हेच जोशी १९१९ ते १९२२ या काळात मुंबई कॉर्पोरेशनचे सभासद होते. १९२२ मध्ये कायदा बदलून महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्याला मत मिळाले. सुधारणा खरी, पण गिरणी कामगाराच्या खोलीचे भाडे बहुधा त्याहून कमीच असे. म्हणजे तो दारापर्यंत आला आणि उंबऱ्यावरच अडला. त्याच सुमारास सरकार कामगारांसाठी बीडीडीच्या चाळी बांधत होते. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. त्यांतल्या डिलाईल रोडला पुढे ना. म. जोशी मार्ग हे नाव मिळाले.

याच काळात लंडनमध्ये काय चालले होते, तेही पाहू. पूर्व लंडनमधला पॉपलर हा गोदी कामगारांचा गरीब भाग. तिथली नगरपालिका मजूर पक्षाच्या हाती होती. सबंध लंडनच्या खर्चासाठी जो वाटा द्यावा लागे, तो गरीब पॉपलरला डोईजड आणि श्रीमंत भागांना किरकोळ. १९२१ मध्ये जॉर्ज लान्सबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले, बेकारांना मदत देणे थांबवायचे नाही, हा वाटाच द्यायचा नाही. तीस सभासद तुरुंगात गेले. अखेर कायदा बदलला आणि गरिबांच्या मदतीचा बोजा श्रीमंत वस्त्यांनाही उचलावा लागला. खर्च कमी करा, असे सांगणाऱ्यांना पॉपलरने उलट विचारले होते की, वाटणी कशी केलीत ते आधी सांगा.

मुंबईत तुरुंगाचा आणि महापौराच्या खुर्चीचा संबंध निराळ्या रीतीने आला. काँग्रेस समाजवादी पक्षाचे एक संस्थापक युसुफ मेहेरअली १९४२ मध्ये मुंबईचे महापौर निवडले गेले, तेव्हा ते कैदेत होते. आज मुंबई-गोवा रस्त्याने पनवेल सोडून पुढे गेले की तारा या गावी त्यांच्या नावाचे केंद्र लागते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईच्या महापालिकेची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली. भाड्याची अट गेली. सफाई कामगाराचे मत आणि घरमालकाचे मत एका तोलाचे झाले. पुढे १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसकडून महापालिका जिंकली. मो. वा. दोंदे महापौर झाले आणि १९५८ मध्ये शां. स. मिरजकर. मिरजकर म्हणजे गिरणी कामगारांच्या संपांतले पुढारी, मीरत कटाच्या खटल्यात १९२९ मध्ये पकडलेले कम्युनिस्ट. बादशहाविरुद्ध कट केल्याचा आरोप ज्यांच्यावर होता, ते शहराचे प्रथम नागरिक झाले. मात्र इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या वर्षी मतदार पेटला होता तो मुंबईसह महाराष्ट्राच्या प्रश्नावर. नळ, संडास, झाडूवाल्यांची घरे हे प्रश्न त्या लाटेवर बसून सभागृहात आले. लाट ओसरल्यावर त्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागले.

ते पाय दिसले १९६१ च्या निवडणुकीत. त्या वर्षी निवडून आलेल्यांत तीन नावे पुढे घरोघरी पोचली. जॉर्ज फर्नांडिस, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर. फर्नांडिस महापालिकेच्याच कामगारांचे पुढारी. म्हणजे रस्त्यावर मालकाशी भांडायचे आणि सभागृहात त्याच मालकाच्या बाकावर बसायचे! हे अवघड काम. कामगारांचा पगार वाढवावा, तर पैसा करातून यायचा. आणि कर कामगारही भरतो. या पेचातून सोपी वाट कुणालाच सापडलेली नाही. पण झाडूवाल्याचा पगार हा महापालिकेवरचा भार नाही, ते शहराच्या आरोग्याचे मोल आहे, ही गोष्ट सभागृहात बोलली जाऊ लागली.

मृणालताई त्याआधी १९५४ मध्ये गोरेगावच्या ग्रामपंचायतीत निवडून आल्या होत्या. १९५७ मध्ये गोरेगाव बृहन्मुंबईत आले. उपनगरांत नळ कोरडे आणि झोपडपट्टीला तर नळच नाही. हंडे घेऊन बायका मोर्चाने निघाल्या आणि मृणालताईंना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. झोपड्यांना पाणी दिले तर त्या कायमच्या होतील, असा युक्तिवाद तेव्हाही होता आणि पुढेही राहिला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की, झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. एका नळासाठी अर्धशतक लागले, असे म्हटले तरी चालेल. अहिल्याताई रांगणेकर १९ वर्षे नगरसेविका होत्या. १९७२ नंतरच्या महागाईत या दोघी, एक समाजवादी आणि एक मार्क्सवादी, लाटणी घेतलेल्या बायकांच्या मोर्चात बरोबरीने चालल्या.

हे सारे खरे. तरी या माणसांच्या हातात किती होते? १८८८ च्या कायद्याने कारभाराची सूत्रे कमिशनरकडे ठेवली, आणि कमिशनर नेमते सरकार. सभागृहाच्या हाती राहते अंदाजपत्रक आणि जाब विचारण्याचा हक्क. पुढे उत्पन्नाचीही दोरी वरच्यांकडे गेली. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात सरकारकडून येणाऱ्या रकमेची वाट पाहणे आले.

आता परत खाडीच्या अलीकडे येऊ. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. रस्ते, नोड, स्टेशने, सगळे कागदावर नीट. पण सिडकोचे संचालक मंडळ सरकार नेमणार. त्याला मत देणारा कोणी नाही. इतर शहरांत माणसे आधी येतात, मग नगरपालिका. इथे शहर उभे राहत गेले आणि महापालिका आली १ जानेवारी १९९२ रोजी. पहिली निवडणूक त्यानंतर १९९५ मध्ये. मधल्या वीस-एकवीस वर्षांत आगरी-कोळी शेतकऱ्याने गाऱ्हाणे मांडायचे कुठे? शेतात आणि रस्त्यावर. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील, जासईचे शेतकऱ्याचे पुत्र, पनवेलचे नगराध्यक्ष, आमदार आणि खासदार, या लढ्याच्या पुढे होते. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला. पाच माणसे गेली. त्यानंतर, १९९० मध्ये, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याची योजना नवी मुंबईत आली. जिथे सभागृह नसते, तिथे ठरावाची किंमत अशी मोजावी लागते.

पुढे मुंबईतले घाऊक बाजार तुर्भ्याला आले आणि त्यांच्यामागे माथाडी आले. अण्णासाहेब पाटलांनी ज्यांना संघटित केले आणि ज्यांच्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा झाला, ते हे कामगार. कोपरखैरणे, घणसोलीत त्यांची घरे झाली. शेजारच्या पनवेलला २०१६ मध्ये महापालिका झाली. तिच्या २०१७ च्या पहिल्या निवडणुकीत ७८ पैकी २३ जागा शेतकरी कामगार पक्षाकडे आल्या. सत्ता मिळाली नाही. पण जाब विचारणारा बाक रिकामा राहिला नाही.

तर श्रोतेहो, नगरसेवक नव्हते म्हणून अडले कुठे? पाणी आले, हे कबूल. पण काटकसरीची कात्री कुठे लागली, हे सभागृहात उभे राहून विचारायला कोणी नव्हते. आजच्या काळात ती कात्री बहुधा कंत्राटाच्या रूपाने येते. कायम कामगाराच्या जागी कंत्राटी कामगार येतो. तोच झाडू, तोच रस्ता, पगार मात्र कमी आणि उद्याची खात्री नाही. मुंबईत अशा सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा हुकूम २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो त्यांच्या युनियनने वर्षानुवर्षे झगडल्यावर. हे काम सभागृहात झाले असते, तर एवढी वर्षे लागली नसती.

महापालिकेच्या सभा एरवी सर्वांना खुल्या असतात. नव्या सभागृहापुढे अंदाजपत्रक येईल त्या दिवशी आपल्यापैकी कोणी तिथे जाऊन बसावे. शिल्लक किती, हे सगळेच ऐकतील. ती कुणाच्या ताटातून काढली, एवढे आपण आपल्या नगरसेवकाला विचारावे. मग तो कोणत्या का पक्षाचा असेना.