वॉशिंग्टनच्या वेशीवरची राखीव शेती

अमेरिकेतील मेरीलँड राज्याची माँटगोमेरी काउंटी वॉशिंग्टन या राजधानीला वायव्येकडून लागून आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय घटक. नैर्ऋत्येला पोटोमॅक नदी, ईशान्येला पटक्सेंट नदी आणि मध्ये सुमारे ५०० चौरस मैलांचा टेकड्या-ओढ्यांचा मुलूख, असा तिचा पसारा. २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १०,६२,०६१ भरली. एवढ्या दाट वस्तीच्या काउंटीत ९३,००० एकर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश जमीन, शेतीसाठी राखीव आहे. तिथे मका, सोयाबीन आणि गहू पिकतो, घोड्यांची कुरणे आहेत, भाजीपाल्याचे मळे आहेत. राजधानीपासून तासाभराच्या अंतरावर एवढी सलग शेतजमीन टिकून राहिली त्यामागे शंभर वर्षांचे नियोजन, बरीच राजकीय भांडणे आणि एक नेमकी कायदेशीर युक्ती आहे.

काउंटी १७७६ मध्ये फ्रेडरिक काउंटीतून वेगळी काढण्यात आली. तेव्हा येथे तंबाखूचे राज्य होते आणि तंबाखू गुलामांच्या श्रमावर पिकत होता. वर्षानुवर्षे एकच पीक घेतल्याने जमिनीचा कस गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अनेक कुटुंबे शेत सोडून पश्चिमेकडे निघून गेली. ती जमीन पुन्हा सुपीक करण्यात सँडी स्प्रिंग येथील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांचा वाटा मोठा होता. त्यांनी चुना आणि पेरू देशातून येणारे ग्वानो खत वापरले, पिकांची फेरपालट सुरू केली आणि १८४४ मध्ये स्वतःचे शेतकरी मंडळ स्थापन केले. मेरीलँडमध्ये १८६४ साली गुलामगिरी संपली. त्यानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी पूल्सव्हिलच्या आसपास शुगरलँड, जेरुसलेम, जोन्सव्हिल अशा वाड्या वसवल्या. आजच्या राखीव क्षेत्राच्या इतिहासात त्यांचा उल्लेख फार उशिरा होऊ लागला. वास्तविक त्या मातीवर या कुटुंबांचा हक्क श्रमाने सिद्ध झालेला होता.

१८७३ मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेची मेट्रोपॉलिटन शाखा काउंटीतून धावू लागली आणि एकाच रुळावरून दोन उलट्या गोष्टी घडल्या. खेड्यांतले दूध रोज सकाळी राजधानीला पोहोचू लागल्याने दुग्धव्यवसाय भरभराटला. त्याच वेळी राजधानीतले नोकरदार झाडांच्या सावलीतल्या घरांसाठी बाहेर येऊ लागले. १८८३ मध्ये टकोमा पार्क वसले. १८९० मध्ये फ्रान्सिस न्यूलँड्स यांच्या चेव्ही चेस लँड कंपनीने जमीन घेतली, ट्राम टाकली आणि प्लॉट विकायला काढले. जमीन आधी, वाहतूक मग आणि घरे शेवटी, हा क्रम पुढे उपनगरी बांधकामाची रीतच झाली.

उपनगर कुठवर पसरेल हे मात्र नळ आणि गटार ठरवत होते. १९१८ मध्ये वॉशिंग्टन सबर्बन सॅनिटरी कमिशन स्थापन झाले आणि पिण्याचे पाणी व सांडपाण्याच्या वाहिन्या त्याच्या ताब्यात आल्या. १९२७ मध्ये मेरीलँड-नॅशनल कॅपिटल पार्क अँड प्लॅनिंग कमिशन हे उद्याने व नियोजनाचे मंडळ आले. १९३० च्या कॅपर-क्रॅम्टन कायद्याने मिळालेल्या केंद्रीय पैशातून या मंडळाने ओढ्यांच्या काठची जमीन विकत घेऊन उद्याने केली. रॉक क्रीकच्या काठाने आज जी हिरवी पट्टी काउंटीतून शहराकडे जाते, ती या खरेदीतून आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर केंद्र सरकारची कार्यालये वाढली आणि काउंटीचा चेहराच बदलू लागला. १९५० मध्ये लोकसंख्या १,६४,४०१ होती, १९६० मध्ये ३,४०,९२८ झाली आणि १९७० मध्ये ५,२२,८०९. शेताशेजारी वसाहत आली की जमिनीचा बाजारभाव वाढे आणि कर त्या भावावर आकारला जाई. पीक काढून तो भरणे शेतकऱ्याला अशक्य होई. यावर मेरीलँडने १९५६ मध्ये अमेरिकेत सर्वप्रथम शेतजमिनीवर शेतीच्या मूल्यानुसारच कर लावण्याचा कायदा केला. त्याने शेतकऱ्याला श्वास मिळाला. भाव वाढेपर्यंत जमीन धरून बसणाऱ्या गुंतवणूकदारालाही तीच सवलत मिळत राहिली, म्हणून एवढ्याने शेती वाचणार नव्हती.

१९६४ मध्ये माँटगोमेरी आणि शेजारची एक अशा दोन काउंट्यांसाठी एक सर्वसाधारण आराखडा मंजूर झाला. त्याची कल्पना सोपी होती. वाढ राजधानीतून बाहेर जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांच्या आणि पुढे मेट्रोच्या कडेने पट्ट्यांत होऊ द्यायची आणि दोन पट्ट्यांमधल्या जमिनीच्या पाचरी हिरव्या ठेवायच्या. रॉकव्हिल, गेदर्सबर्ग, जर्मनटाउन आणि क्लार्क्सबर्ग ही एका पट्ट्यातली गावे ठरली. पट्टे ठरले तसे भरत गेले. पाचरींना मात्र नकाशावरच्या हिरव्या रंगापलीकडे कसलेच संरक्षण नव्हते.

१९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात या पाचरींमध्ये किमान पाच एकरांचा प्लॉट असा नियम केला गेला. हेतू चांगला होता, पण नियम उलटा फिरला. पाच एकरांचा तुकडा मोठ्या बंगल्यासाठी आकर्षक ठरला आणि पीक काढण्यासाठी निरुपयोगी. बंगल्यातले रहिवासी शेणखताच्या वासाविषयी आणि रस्त्यावरच्या ट्रॅक्टरविषयी तक्रारी करू लागले. शेजारचे शेत उद्या विकले जाईल या धास्तीने शेतकरी गोठ्यावर किंवा कुंपणावर खर्च करीनासा झाला. याच काळात मलनिस्सारण यंत्रणेची क्षमता संपल्यामुळे नव्या जोडण्यांवर बंदी आली होती. ज्या ठिकाणी गटार पोहोचत नव्हते तिथे सेप्टिक टँकवर चालणारे मोठे प्लॉट पाडणे बिल्डरांना सोयीचे झाले. म्हणजे ज्या जमिनीचे रक्षण करायचे तीच सगळ्यात आधी तुकड्यांत चालली.

उत्तर १९८० च्या ऑक्टोबरात आले. नियोजन मंडळाचे अध्यक्ष रॉइस हॅन्सन यांच्या पुढाकाराने शेती आणि ग्रामीण मोकळ्या जमिनीच्या जतनाचा स्वतंत्र आराखडा स्वीकारला गेला आणि १९८१ च्या आरंभी झोनिंग, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय आणि किती बांधता येईल याचे नियम, बदलले. पाच एकरांना एक घर ही परवानगी पंचवीस एकरांना एक घर इतकी खाली आणली. शेतकऱ्यांसाठी हा घाव होता. अनेकांचे जन्मभराचे बचतखाते म्हणजे ती जमीनच होती, तीच तारण ठेवून बँकेचे कर्ज मिळे. भरपाई म्हणून त्यांना हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजेच मुंबई-पुण्याच्या वाचकाला परिचित असलेला टीडीआर, देण्यात आला. तो दर पाच एकरांना एक या जुन्याच हिशेबाने मोजला गेला. शंभर एकर असलेल्याला वीस हक्क मिळाले. त्यांपैकी चार त्याने आपल्या जमिनीवरच्या संभाव्य घरांसाठी ठेवायचे आणि उरलेले सोळा विकायचे. बिल्डरने ते विकत घ्यायचे आणि ठरवून दिलेल्या नागरी भागात नेहमीपेक्षा जास्त घरे बांधायची. हक्क विकले की शेताच्या दस्तऐवजावर सात-बाऱ्यावरच्या बोजासारखी कायमची नोंद होई. मालक बदलला तरी ती जमिनीबरोबर जाई.

ही कल्पना माँटगोमेरीने शोधलेली नव्हती. न्यूयॉर्कमध्ये ऐतिहासिक इमारतींसाठी ती वापरात होती, १९७८ च्या पेन सेंट्रल खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिची दखल घेतली होती आणि त्याच वर्षी मेरीलँडच्याच कॅल्व्हर्ट काउंटीने शेतीसाठी ती लागू केली. मुंबईत ती १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आली, पण तिथला हेतू वेगळा होता. मुंबईत रस्त्यासाठी किंवा बागेसाठी जमीन महापालिकेला दिल्याचा मोबदला म्हणून मालकाला हक्क मिळे. माँटगोमेरीत जमीन शेतकऱ्याकडेच राहिली, फक्त तिच्यावरची घरे दुसरीकडे गेली.

हक्क विकायला गिऱ्हाईक हवे, आणि गिऱ्हाईक हवे तर कुठल्या तरी वस्तीने जादा घरे स्वीकारायला हवीत. खरी लढाई इथे झाली. हिरवळ सर्वांनाच हवी होती. आपल्या गल्लीत वाढणारी घनता मात्र कुणालाच नको होती. काउंटीतल्याच ऑलनी या गावापासून सुरुवात झाली आणि लगोलग नागरिक संघटना कोर्टात गेल्या. १९८७ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने निर्णय दिला की जादा घनता केवळ आराखड्यात लिहून मंजूर होत नाही, त्यासाठी झोनिंगचा रीतसर कायदा लागतो. काउंटीने त्याप्रमाणे दुरुस्ती केली आणि योजना वाचली. १९७४ पासूनच काउंटीत आणखी एक नियम लागू होता. पन्नास किंवा अधिक घरांच्या प्रकल्पात बिल्डरने काही घरे परवडणाऱ्या किमतीत द्यायची आणि त्याबदल्यात जास्त घरे बांधायची. शेती राखण्याचा आणि घरे देण्याचा कार्यक्रम एकाच घनतेवर उभा होता. हिरव्या पट्ट्यामुळे केवळ श्रीमंतांचे उपनगर तयार होते हा आरोप म्हणूनच येथे अर्धाच लागू पडतो. पण पुढे घरांचे भाव चढले तसा त्याचा उरलेला अर्धा भाग अधिक जड होत गेला.

विकास हक्कांच्या विक्रीतून ५०,००० एकरांहून अधिक जमिनीवर कायमची बंधने आली. तरी राखीव क्षेत्राचा परीघ कधी शांत राहिला नाही. प्रत्येक वेळी फट तांत्रिक नियमातून शोधली गेली. शेतकऱ्याने आपल्या मुलांसाठी वेगळा प्लॉट काढावा ही सवलत कुटुंबासाठी होती. असे प्लॉट बाहेरच्यांना विकले जाऊ लागल्यावर नियम कडक करावे लागले. पाणी न शोषणाऱ्या चिकण मातीवर साधा शोषखड्डा चालत नाही, त्यामुळे ती जमीन आपोआप मोकळी राही. वाळूचे ढिगारे रचून सांडपाणी गाळण्याची पद्धत आली तेव्हा ही नैसर्गिक आडकाठी निघून जाण्याची भीती निर्माण झाली. मोठ्या चर्चनी स्वस्त जमीन पाहून राखीव क्षेत्रात विस्तीर्ण वास्तूंचे बेत आखले आणि गटाराची जोडणी मागितली. २००५ मध्ये काउंटी परिषदेने अशा संस्थांनाही राखीव क्षेत्रात सार्वजनिक पाणी व गटार नाकारले. झोनिंगइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, हे वाहिन्यांचे धोरणच शेतीच्या उपयोगी पडले.

दर पंचवीस एकरांना एक घर हा उरलेला हक्कही विकत घेऊन संपवण्याची योजना पुढे आली. मेट्रो स्थानकांजवळच्या व्यापारी भागात उंच इमारत बांधू इच्छिणाऱ्याने त्यासाठी पैसे मोजायचे, असा तिचा आधार होता. ओढ्यांसाठीही बंधने वाढली. क्लार्क्सबर्गजवळच्या टेन माइल क्रीक या स्वच्छ ओढ्याच्या पाणलोटात २०१४ मध्ये बांधकामाला कडक मर्यादा घालण्यात आल्या, कारण छपरे आणि डांबर वाढले की ओढ्याचे पाणी गढूळ होते हे शेजारच्या पाणलोटांनी दाखवून दिले होते.

नंतरचा वाद ऊर्जेचा होता. सौरपट्ट्यांसाठी सपाट, उघडी आणि स्वस्त जमीन लागते, आणि नेमकी तशी जमीन राखीव क्षेत्रातच होती. हवामानबदलाच्या काळात सौरऊर्जेला विरोध करणे शेती राखणाऱ्यांनाही जड जात होते. २०२१ मध्ये परिषदेने मधला मार्ग काढला: एकूण १,८०० एकरांची मर्यादा, उत्तम प्रतीची माती वगळलेली आणि प्रत्येक प्रकल्पाची स्वतंत्र सुनावणी. ऑक्टोबर २०२२ मध्ये १९६४ च्या आराखड्याच्या जागी ‘थ्राइव्ह माँटगोमेरी २०५०’ हा नवा आराखडा आला. त्यात वाढ आणखी दाट, रस्त्यांच्या व मेट्रोच्या कडेने एकवटलेली असावी असे म्हटले आहे. शेतीचे राखीव क्षेत्र मात्र त्यातही तसेच ठेवण्यात आले.