पेटी आणि कॅसेट

व्हिडिओ गेमचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्रापासून सुरुवात करतात. आठ बिट, सोळा बिट, बत्तीस बिट, अशी राजघराण्यासारखी वंशावळ मांडतात. नव्वदच्या दशकात लालबागच्या चाळीत मी जे पाहिलं, ते या वंशावळीत बसत नाही.

१९८२च्या संपानंतर गिरणगावातल्या कितीतरी घरांत मुलांनी मिळेल तो धंदा धरला. वडिलांच्या गिरणीच्या हिशेबातले थोडे पैसे मागून मी सोळा बिटचं एक मशीन आणलं. तासावर भाड्यानं द्यायचं, असा बेत. चित्र सुरेख, आवाज भारदस्त, कॅसेटी मात्र दोनच. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला एका मुलाकडे आठ बिटचं मशीन होतं. निन्टेन्डोनं १९८३ साली जपानात आणलेल्या फॅमिकॉमची ती स्वस्त नक्कल. चार दिवसांत चपलांचा ढीग माझ्या दारातून त्याच्या दारात गेला.

त्याच्याकडे दोघांनी मिळून खेळायचा ‘कॉन्ट्रा’ होता आणि ‘मारिओ’ होता. १९८५चा तो अख्खा ‘सुपर मारिओ’ ४० केबींत मावतो. आज फोनवर येणारा शुभ दीपावलीचा फोटोही याहून जड असतो. शिवाय तसल्या कॅसेटी चाळीत घरोघरी, त्यामुळे अदलाबदल चाले. ‘९९९९ इन १’ असं लेबल असे. मोजायला बसलं की तेच ते गेम फिरून यायचे, पण तक्रार कुणाचीच नव्हती. माझ्या कॅसेटी दुसऱ्या कुणाच्या मशीनला बसतच नव्हत्या.

पार्लरवाल्यांना हे आधीपासून ठाऊक असणार. १९८५च्या सुमारास जपानी उत्पादकांनी वायरिंगचं ‘जम्मा’ हे समान मानक ठरवलं. लाकडी पेटी तीच, पडदा तोच, आतला बोर्ड तेवढा बदलायचा. कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ त्या जुन्या पेट्यांतूनच आला. ते लांबलचक नाव कोण घेणार? त्यातल्या एका पात्रावरून पोरांनी त्याचा ‘मुस्तफा’ केला.

जगाच्या बाजारातही असंच घडलं. १९८९ साली अटारीचा लिंक्स रंगीत पडदा घेऊन आला आणि निन्टेन्डोचा गेम बॉय हिरवट पडद्यावर चार छटा घेऊन. जिंकला गेम बॉय. तो स्वस्त होता, बॅटरी पुष्कळ टिके, हे खरंच. पण अमेरिकेत त्याच्या खोक्यातच ‘टेट्रिस’ मिळे, हे मी अधिक मोलाचं मानतो. त्याचे कर्ते गुनपेई योकोई जुन्या, हातात बसलेल्या तंत्राचा नवा उपयोग शोधत.

माझं मशीन वर्षभरात निम्म्या किमतीला गेलं. वडील काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र ते गॅलरीच्या त्या टोकाला, पोरांच्या मागे उभे राहून ‘कॉन्ट्रा’ बघत असत.